चार टोप्या, दोन खिसे

चारही मुलांना एकाच दिवशी, एकाच खेपेत आणि एकट्याने ओळखपत्राच्या कचेरीत नेऊन आणतो, असं स्टोअरकीपरने जाहीर केलं तेव्हा त्याची बायको काही बोलली नाही. दुधाची बाटली घासता घासता ती नुसती थांबली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या थांबण्याला जास्त भ्यायचं असतं, हे त्याला कळत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि समोर मेहुणी बसली होती.

मेहुणीसमोर गेलेला शब्द परत घेता येत नाही. नुकतंच तिने बहिणीला त्याच्या देखतच सांगितलं होतं की, "ताई, भावजींना स्वयंपाकघरातला झारा सापडत नाही आणि तू सहा आठवडे चार पोरं त्यांच्या ताब्यात देऊन जाणार?" खरा प्रश्न तो होता. बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. नव्या यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती, तेही दुसऱ्या गावी, सहा आठवडे. परतल्यावर प्रयोगशाळेचा अर्धा कारभार तिच्याकडे येणार होता. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की ती त्याबद्दल घरात चकार शब्द काढत नव्हती. होकार कळवायची मुदत नेमकी कचेरीच्या दिवशी संध्याकाळी संपत होती, आणि ही खेप नीट पार पडली तर ती जाणार, नाहीतर नाही, हे कुणी न बोलताही सगळ्यांना ठाऊक होतं.

चार मुलं म्हणजे दोन जोड्या. पहिल्या वेळी जुळी झाली तेव्हा लोकांनी अभिनंदन केलं. दुसऱ्या वेळीही जुळीच झाली तेव्हा लोकांनी खांद्यावर हात ठेवला. थोरली जोडी साडेचार वर्षांच्या मुलग्यांची. त्यातल्या एकाचं तोंड झोपेतही चालू असायचं, म्हणून तो टकळ्या. दुसरा आठवड्यात चार वाक्यं बोलायचा, म्हणून तो घुम्या. एवढा फरक सोडला तर दोघे इतके सारखे की दोघांची तोंडं बंद असली तर जन्मदाता बापही अंदाजपंचे हाक मारायचा. धाकटी जोडी दीड वर्षाच्या मुलींची. पाळण्यात जी डावीकडे झोपायची ती डावी आणि उजवीकडची ती उजवी. खरी नावंही होती, चांगली होती, पण ती फक्त लसीच्या कार्डावर वापरली जात.

स्टोअरकीपरला मात्र स्वतःबद्दल काडीची शंका नव्हती. पंपांच्या कारखान्याचं कोठार तो सांभाळायचा. हजारो नग रोज आत येत आणि बाहेर जात, पण त्याच्या कोठारातून आजवर एक वॉशर कमी भरला नव्हता. तपासनीस येत, नाक वर करून मोजत आणि नाक खाली करून जात. अशा माणसाला अवघे चार नग सांभाळता येणार नाहीत, ही कल्पनाच त्याला अपमानास्पद वाटे.

बातमी इमारतभर पसरली आणि सल्ल्यांचं पीक आलं. समोरच्या शेजारीणबाई म्हणाल्या की चौघांना एका दोरीने बांधा, लाज कसली, गिर्यारोहक बांधतातच. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंचं म्हणणं पडलं की मुलांना उपाशी नेऊ नका. त्यांच्याच यजमानांनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं की पोट भरून अजिबात नेऊ नका. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मात्र शास्त्रीय उपाय दिला. सहलीला नेलेल्या तीन-तीनशे मुलांतलं एकही त्यांनी कधी हरवलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय ते भडक रंगाच्या टोप्यांना देत. "चेहरे बघत बसाल तर गोंधळाल," ते म्हणाले. "तुमच्याकडे तर चेहऱ्यांचा उपयोगच नाही. टोप्या मोजा." स्टोअरकीपरला हे मनापासून पटलं. कोठारातही तो मालावर रंगाचे पट्टे मारायचा. त्याच दिवशी त्याने झगझगीत पिवळ्या रंगाच्या चार टोप्या आणल्या. बायकोने टोप्या पाहिल्या आणि पुन्हा थोडी थांबली.

कचेरीच्या दारातच पहिली ठेच लागली. दोन मुलींची जोडगाडी आत न्यायला पहारेकऱ्याने बंदी केली. चाकं असलेली वस्तू आत चालत नाही, असा नियम होता. तेवढ्यात एक आजोबा चाकाच्या खुर्चीतून आत गेले. स्टोअरकीपरने त्यांच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा पहारेकरी म्हणाला की ती खुर्ची आहे, गाडी नाही. या युक्तिवादाला उत्तर असेलही, पण ते उन्हात चार मुलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सुचत नाही. गाडी बाहेर राहिली. डावीला त्याने पट्ट्याच्या झोळीत छातीशी बांधलं, उजवीला काखेत मारलं, उरलेल्या हातात कागद घेतले आणि दोन्ही हात असे संपल्यावर मुलग्यांना हुकूम दिला की टकळ्याने पॅन्टचा डावा खिसा धरायचा, घुम्याने उजवा, आणि काहीही झालं तरी सोडायचा नाही.

ही योजना उत्तम होती, हे कबूल केलं पाहिजे. नजर टाकली की पिवळं दिसायचं, खाली दोन्ही खिसे ओढल्यासारखे वाटायचे. मान न वळवता मोजणी व्हायची. बाकावर बसल्या बसल्या त्याने दर थोड्या वेळाने मनातल्या मनात चार आकडे म्हटले आणि दर वेळी ते जुळले. बिस्किटांचा पुडा त्याने उजव्या खिशात ठेवला होता, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

शेजारच्या बाकावर एक बसकंडक्टर त्याच्या तीन मुलांना घेऊन बसला होता. अंगावर गणवेश, कारण इथून घरी मुलं सोडून त्याला कामावर जायचं होतं. आता जे झालं ते स्टोअरकीपर सोडून अर्ध्या हॉलने पाहिलं आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. घुम्याला उकडलं. त्याने टोपी काढून बाकावर ठेवली आणि खिसा सोडून कंडक्टरच्या बाकाजवळच्या पंख्याखाली जाऊन उभा राहिला. कंडक्टरचा धाकटा घुम्याएवढाच होता, आणि त्याचं लक्ष बराच वेळ बिस्किटांवर होतं. तो सरकत सरकत आला, आयती टोपी डोक्यावर चढवली आणि उजवा खिसा धरला. वरून एक बिस्किट खाली आलं. त्याने ते खाल्लं आणि खिसा आणखी घट्ट धरला.

कंडक्टरच्या मुलांचे फोटो आणि ठसे आधीच झाले होते; इकडे त्याला पावतीही मिळाली. त्याला उशीर झाला होता. तो उठला, गाडीत प्रवासी मोजतात तशी आजूबाजूच्या तीन डोक्यांवर टपाटप टपली मारली, तीन भरली, आणि हाताला लागले ते हात धरून चालू पडला. त्यातला एक हात घुम्याचा होता. घुम्या का ओरडला नाही, असं पुढे अनेकांनी विचारलं. ज्या घरात चार पोरं आहेत तिथे कुणी हात धरला की चालायचं असतं. कुठे आणि कशाला हे विचारायला कुणाला वेळ नसतो. घुम्या मुकाट्याने दरवाज्याबाहेर गेला.

तेवढ्यात स्टोअरकीपरचा क्रमांक पुकारला गेला. उठताना त्याने सवयीने पाहिलं. चार टोप्या होत्या. दोन्ही खिसे ओढलेले होते.

यंत्रावर बसलेल्या बाईंची सगळी नजर पडद्यावर असायची. समोर माणूस येतो, पडद्यावर चेहरा येतो, आणि बाई त्या चेहऱ्याशीच बोलतात. आधी टकळ्या स्टुलावर बसला. त्याचा फोटो निघाला, बोटांचे ठसे झाले, आणि या सबंध वेळात तो बोलत होता, म्हणून फोटो तीनदा काढावा लागला. मग बाईंनी दुसऱ्याला बोलावलं. पालकांनी पिवळ्या रेषेमागे उभं राहायचं, हा नियम. स्टोअरकीपरने रेषेमागूनच उजव्या खिशाचं मूल पुढे ढकललं, त्याची टोपी काढून स्वतःच्या दातात धरली, आणि त्याच क्षणी काखेतल्या उजवीने यंत्राची वायर पकडली. ती सोडवता सोडवता त्याला समोर फक्त एक पाठमोरं डोकं दिसत होतं. डोकं बरोबर उंचीवर होतं.

टकळ्या मात्र कान ओढल्यासारखा त्याचा खिसा ओढायला लागला. "बाबा, हा तो..."

"मोठी माणसं काम करताना मध्ये बोलू नकोस," टोपी दातात धरूनच स्टोअरकीपर म्हणाला. टकळ्याचं प्रत्येक वाक्य ऐकत बसलं तर माणसाला दुसरा धंदा करता येणार नाही, हे घरात केव्हाच ठरलेलं होतं.

यंत्राने एक नाराजीचा आवाज काढला.

"हे मूल आधीच नोंदलेलं आहे," बाई पडद्याला म्हणाल्या.

स्टोअरकीपर हसला. याच प्रश्नाची तो घरून तयारी करून आला होता. त्याने टोपी दातांतून काढली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की नोंदलेलं मूल ते नव्हे, त्याचा भाऊ. जुळे आहेत. यंत्राची फसगत झाली यात यंत्राचा दोष नाही, अहो, लस देणाऱ्या डॉक्टरांचीही होते, आजीची होते. बाई म्हणाल्या की तसं नाही. तो म्हणाला की तसंच आहे. मग त्याने रांगेकडे वळून जुळ्यांविषयी एक छोटंसं व्याख्यान दिलं, ज्याला रांगेतून बऱ्यापैकी दाद मिळाली. एक गृहस्थ म्हणाले की यंत्रांवर फार विसंबणं वाईटच. बाईंनी ठसे पुन्हा घेतले. यंत्राने पुन्हा तोच आवाज काढला. तेव्हा त्यांनी साहेबांना बोलावलं.

साहेब सावकाश आले, चष्मा लावून पडद्यावर वाकले आणि बराच वेळ वाचत राहिले. हॉलमधली माणसं जरा जवळ सरकली.

"तुम्ही म्हणता हा तुमचा मुलगा," साहेब म्हणाले.

"म्हणता म्हणजे काय?"

"कारण या मुलाचे वडील दुसरेच कुणीतरी आहेत, असं इथे दिसतंय."

रांगेतल्या एका आजींनी शेजारच्या सुनेचा हात दाबला. स्टोअरकीपरच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. माणूस साधा असतो, भाजी महाग झाली तरी सोसतो, मेहुणी बोलली तरी सोसतो. पण भर कचेरीत, बिऱ्हाडासह उभं असताना, एका सरकारी यंत्राने असं बोलावं? त्याने आवाज चढवला. आपण कोण, आपली पत्नी कोण, तिने हाताखाली किती माणसं तयार केली आहेत, आपल्या घराण्याकडे आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही, हे सगळं त्याने बाहेर काढलं. वरच्या साहेबांकडे जाईन म्हणाला. वर्तमानपत्रात देईन म्हणाला. छातीवरची डावी रडायला लागली, तिचं ऐकून काखेतली उजवी रडायला लागली, आणि या सगळ्यात टकळ्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, जी कुणी ऐकत नव्हतं.

साहेब त्याला पुरतं बोलू दिल्यावर म्हणाले, "तुम्ही एकदा मुलाकडे बघा तरी."

स्टोअरकीपर तावातावाने रेषा ओलांडून स्टुलाच्या पुढे गेला. एका अनोळखी मुलाने त्याच्याकडे वर पाहिलं. त्याच्या हनुवटीला बिस्किटाचा चुरा लागला होता.

क्षणभर त्याला काही कळेचना. मग त्याने वळून पिवळ्या टोप्या मोजल्या आणि आपल्या हातात चौथी आहे हे पाहिलं. टोप्या पूर्ण होत्या. मुलगा नव्हता.

"घुम्या कुठाय?" त्याने टकळ्याला विचारलं. आवाज त्याचाच होता, पण त्याला तो ओळखू आला नाही.

"तो गेला. त्या गणवेशवाल्या काकांबरोबर."

"मला सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं," टकळ्या म्हणाला. "तू म्हणालास मध्ये बोलू नकोस."

स्टोअरकीपर दरवाज्याकडे धावला, स्टुलावरून उतरून पुन्हा उजवा खिसा धरलेलं ते पोरही त्याच्यामागून ओढलं गेलं, आणि पहारेकऱ्याने त्याला अडवलं. साहेबांनी मागून हात केला होता. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. एक माणूस दुसऱ्याचं मूल स्वतःच्या नावावर नोंदवायला आला, अडवल्यावर आरडाओरडा केला, आणि आता तेच मूल घेऊन रस्त्यावर पळतो आहे, असं ते बाहेरून दिसत होतं. दुसऱ्याचं मूल ताब्यात असताना आवाराबाहेर पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बरं, त्या मुलाला इथे ठेवून जावं, तर ते खिसा सोडायला तयार नव्हतं.

"अहो, माझा मुलगा गेलाय," स्टोअरकीपर म्हणाला. व्याख्यान देणारा माणूस कुठल्या कुठे गेला होता. "साडेचार वर्षांचा आहे. तो बोलत नाही. विचारलं तरी नाव सांगत नाही. त्या गृहस्थांना फोन करा हो, त्यांचा नंबर तुमच्याकडे असणार."

बाईंकडे नंबर होता, पण एका नागरिकाची माहिती दुसऱ्या नागरिकाला देता येत नव्हती. रांगेतले गृहस्थ, ज्यांचा मघाशी यंत्रांवर विश्वास नव्हता, आता म्हणाले की नियम चांगलाच आहे, नाहीतर कुणीही उठून नंबर मागेल. आजींनी त्यांना गप्प केलं. शेवटी साहेबांनी तोड काढली. माहिती द्यायची नाही, पण कचेरीने स्वतः फोन करायला हरकत नाही. त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

पलीकडून बसची घरघर आली. साहेबांनी विचारलं की आपली मुलं आपल्याजवळ आहेत का.

"आहेत की," कंडक्टर म्हणाला. "तीन आहेत. बसताना मोजली, बसल्यावर मोजली."

"पुन्हा एकदा बघाल का?"

"साहेब, सोळा वर्षं गाडीवर आहे. मोजायला मला कुणी शिकवू नये."

स्टोअरकीपरला ते वाक्य ओळखीचं वाटलं. सकाळी घरातून निघताना अगदी याच अर्थाचं काहीतरी तो स्वतः बोलला होता. तो टेबलावर वाकला आणि हात जोडले, समोर फोन असतानाही जोडले. "दादा, मोजू नका. तोंडं बघा. एकेकाचं तोंड बघा."

पलीकडे नुसती घरघर चालू राहिली. मग ती बदलली. कुणीतरी घंटा मारली, एकदा, दोनदा, मग न थांबता, आणि कंडक्टरचा आवाज लांबून आला, "थांबव, गाडी थांबव."

स्टोअरकीपर बाकावर बसला.

मग वाट पाहणं सुरू झालं. सापडलाय हे कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं. बस किती लांब गेली होती, परत यायला काय मिळेल, वाटेत त्या गोंधळात घुम्या पुन्हा कुणाचा तरी हात धरून चालू लागला तर, असे एकाहून एक वाईट विचार त्याच्या डोक्यात येत होते. कोठारात नवा पोऱ्या लागला की तो त्याला पहिल्याच दिवशी बजावायचा की नग मोजणं म्हणजे तपासणी नव्हे; उचल, फिरव, नंबर वाच, मग हो म्हण. वॉशरचं त्याने आयुष्यभर असं केलं. पोरांच्या नुसत्या टोप्या मोजल्या. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

कंडक्टरचा धाकटा शेजारी बसून उजवा खिसा धरूनच होता. बिस्किटं संपली होती, तरी धरून होता. आता त्याला कळलं असावं की आपला बाप इथे नाही, कारण त्याचा ओठ थरथरायला लागला. स्टोअरकीपरने उजवीला टकळ्याच्या मांडीवर दिलं आणि त्या पोराला जवळ ओढून घेतलं. त्या क्षणी आपल्या पोरालाही कुणीतरी असं जवळ घेतलेलं असावं, एवढंच त्याला हवं होतं.

बऱ्याच वेळाने बाहेर मोठा गलका झाला. कचेरीसमोर थांबा नव्हता, कधीच नव्हता, तरी एक अख्खी भरलेली बस दारात येऊन उभी राहिली. कंडक्टरने समोरून येणारी सोबत्याची गाडी भर रस्त्यात अडवली होती आणि तिला वाकड्या वाटेने इथवर आणलं होतं. खिडक्या-खिडक्यांतून माणसं डोकावत होती आणि बापाने मुलं कशी सांभाळावीत यावर एकमेकांत बोलत होती. कंडक्टर उतरला. एका हाताला त्याची दोन मुलं, खांद्यावर घुम्या.

दोघे बाप पायरीवर समोरासमोर आले. आपापला मुलगा ओढून घेतला. कंडक्टरने धाकट्याला आधी मिठी मारली, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा मिठी मारली. स्टोअरकीपरला तेवढाही क्रम सुचला नाही. तो घुम्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिला. उजव्या भुवईपाशी एक बारीक तीळ होता. टकळ्याला तो नव्हता. साडेचार वर्षांत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तुमचा रडलाही नाही हो," कंडक्टर ओशाळून म्हणाला. "म्हणून तर कळलं नाही. आमचा असता तर गाडी डोक्यावर घेतली असती."

"भ्यालास का रे?" स्टोअरकीपरने विचारलं.

घुम्याने विचार केला. "मला खिडकी मिळाली," तो म्हणाला. "अख्खी."

घरात त्याला अख्खं काही मिळत नसे. अर्धा बिस्किटाचा पुडा, अर्धी मांडी, अर्धा वाढदिवस. स्टोअरकीपरला गलबलून आलं आणि ते लपवायला तो उगाच चौघांच्या टोप्या सारख्या करू लागला. जाता जाता कंडक्टरने त्याला बाजूला घेतलं. पुरुषासारखा पुरुष, बोलला ते थोडक्यात बोलला. घरी सांगायचं नाही. गर्दी होती पण झालं, एवढं पुरे. स्टोअरकीपरने मान हलवली. असल्या बाबतीत अनोळखी माणसांचं जितकं पटकन एकमत होतं तितकं सख्ख्या भावांचं होत नाही.

राहिला होता घुम्याचा फोटो. तो स्टुलावर बसला आणि यंत्राने पुन्हा तोच नाराजीचा आवाज काढला. हे मूल आधीच नोंदलेलं होतं, आणि या वेळी टकळ्याच्याच नावावर. मघाचं सगळं व्याख्यान आता अक्षरशः खरं ठरत होतं, पण स्टोअरकीपर रेषेमागे मान खाली घालून उभा राहिला. बाईंनीच पहिल्यांदा पडद्यावरून डोळे काढून मुलाकडे पाहिलं. "जुळ्यांचं होतं असं," त्या म्हणाल्या आणि ठशांवर काम भागवलं. मुलींचं नंतर कधीतरी आईबरोबर यायचं ठरलं. आईबरोबर, हे साहेबांनी दोनदा सांगितलं.

घरी पोचला तेव्हा बायको कामावरून आली होती. टेबलावर तिचा फोन होता. दारामागे प्रवासाची मोठी बॅग होती, माळ्यावरून काढलेली, पुसलेली, आणि कुणाला दिसू नये म्हणून अर्धी कपाटाआड सरकवलेली. मुलं भराभरा घरभर पांगली.

"कसं झालं?" तिने विचारलं.

"गर्दी होती," स्टोअरकीपर म्हणाला. पुढचे दोन शब्द जिभेवर तयार होते. ते बोलले की बॅग कपाटाआडून बाहेर येणार होती, मेहुणीचं तोंड बंद होणार होतं आणि कंडक्टरला दिलेला शब्द पाळला जाणार होता. त्याने बॅगेकडे पाहिलं. ही बाई सहा आठवडे त्याच्या भरवशावर दूर जाऊन झोपणार होती.

"घुम्या हरवला होता," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. टोप्या, खिसे, यंत्र, दुसरा बाप, भर कचेरीत केलेली शोभा. काही झाकलं नाही. सांगताना एकदाही मुख्याध्यापकांचं नाव घेतलं नाही, यात त्याचा मोठेपणा दिसतो. बायकोने घुम्याला बोलावून मांडीवर घेतलं आणि ऐकत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"रडला?"

"नाही. खिडकी मिळाली म्हणाला. अख्खी."

तिने घुम्याला इतकं घट्ट धरलं की तो चुळबुळ करून निसटला. मग ती फोन उचलून आत गेली. स्टोअरकीपर खुर्चीवर बसून राहिला. जे बोलून आपण तिचं जाणं मोडलं ते बोलायलाच हवं होतं, हे त्याला पटत होतं आणि तरी रडू येत होतं. आतून तिचा आवाज आला. उशीर झाला त्याबद्दल ती माफी मागत होती. मग म्हणाली, "हो. येते मी."

ती बाहेर आली तेव्हा तो उभाच राहिला. "एवढं ऐकूनही?"

"'गर्दी होती' एवढंच म्हणून थांबला असतात ना, तर मी नकार कळवणार होते," ती म्हणाली. "चार पोरं घेऊन गेलेला माणूस घरी येऊन सगळं नीट झालं म्हणाला, तर समजावं, त्याने काहीतरी हरवलंय आणि त्याला ते अजून कळलेलंच नाही."

तिचे डोळे ओले होते, पण आवाज घट्ट होता. तिने कपाटाआडची बॅग पुढे ओढली. ती जरा जड लागली, म्हणून तिने झाकण वर केलं, आणि आत पिवळी टोपी घालून शांतपणे बसलेल्या डावीला उचलून बाहेर काढलं. ती आत केव्हा जाऊन बसली होती, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.